एक गोष्ट, एक वस्तू: लेकरांबरोबर घरी करायचे ख्रिस्ती उपक्रम

संडे स्कूल आठवड्यातून एकदा, तेही तासभर. उरलेले सहा दिवस लेकरू घरात असते, आणि बायबलची गोष्ट त्याच्या अंगवळणी पडायची तर ती घरातच. त्यासाठी महागडे सामान लागत नाही. शहरातल्या दुकानात मिळणाऱ्या तयार पाकिटांत बर्फ, सूचिपर्णी झाडे आणि चिमणीवाली घरे असतात. बेथलेहेमच्या गोठ्याशी त्यांचा फारसा संबंध नाही. मराठवाड्यातल्या घराच्या आसपास कडबा, काळी माती, कापूस आणि गव्हाचे दाणे सहज सापडतात. पेरणी, मळणी, मेंढरे, विहीर, दुष्काळ हे सगळे बायबलमध्ये पानोपानी आहे. आपल्या लेकराला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सुरुवात करणाऱ्यांनी एकच नियम धरावा. एका बैठकीत एक गोष्ट आणि एकच वस्तू. वस्तू अशी निवडा की तिच्यात हाताने जे करायचे, तेच गोष्टीत घडते. पेरणाऱ्याची गोष्ट असेल तर लेकराने पेरावे. पेरणाऱ्याच्या चित्रात रंग भरून ते साधत नाही. रंगकाम वाईट नाही, पण चित्र संपेपर्यंत गोष्ट विसरलेली असते आणि लक्षात राहते ते फक्त कुणाचा खडू मोडला.

वेळ अर्ध्या तासाच्या वर नेऊ नका. पाच वर्षांखालच्यांसाठी पंधरा मिनिटे पुष्कळ. क्रम असा ठेवा: आधी बायबलमधला उतारा वाचायचा, दहा-बारा ओव्यांपेक्षा (बायबलमधल्या क्रमांक घातलेल्या वचनांपेक्षा) जास्त नाही, मग हाताचे काम, काम चालू असताना गोष्ट लेकराच्या तोंडून वदवून घ्यायची, शेवटी त्यानेच दोन वाक्यांची प्रार्थना करायची. प्रार्थना मोठ्यांनी लांबवली की पुढच्या वेळी लेकरू बसायलाच येत नाही.

पेरणाऱ्याचा दाखला: चार डबे, एक वाटी पाणी

हा दाखला मत्तय १३, मार्क ४ आणि लूक ८ अशा तीन ठिकाणी आहे. वाचायला मार्कचा सोपा. पहिलाच उपक्रम म्हणून हाच घ्यावा, कारण याला दहा-पंधरा दिवस लागतात आणि रोज सकाळी लेकरू स्वतःहून पाहायला जाते.

पाच लिटरच्या तेलाचे दोन रिकामे कॅन आडवे ठेवून मधोमध कापा. उथळ चार डबे होतात. बुडाला तापल्या खिळ्याने सहा-सात भोके पाडा. कापणे आणि भोके पाडणे हे मोठ्यांचे काम. पत्र्याचा डबा घेऊ नका, कापलेली कड ब्लेडसारखी लागते.

पहिला डबा वाटेचा. त्यात माती भरून ओली करा, वरवंट्याने चांगली ठोका आणि एक दिवस उन्हात कडक होऊ द्या. दुसरा खडकाळ जमिनीचा: खाली दोन इंच मुरूम, वर जेमतेम अर्धा इंच माती. तिसरा काट्यांचा. बांधावरची हराळी मुळांसकट, मातीच्या ढेकळासह उपटून त्यात लावा. हे काम पेरणीच्या दहा दिवस आधी करायचे, म्हणजे हराळी धरते. काटेरी किंवा रानटी काही हवे म्हणून गाजर गवत आणू नका. त्याने लेकरांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येते. चौथा चांगल्या जमिनीचा: काळी माती दोन भाग, चाळलेले शेणखत एक भाग, वाळू एक भाग. नुसती काळी माती डब्यात भरली तर पाणी वर साचते, नंतर भेगा पडतात आणि ‘चांगली जमीन’च सगळ्यात वाईट निघते. सगळा दाखला उलटतो.

बी मेथीचे घ्या. स्वस्त असते, घरात असते आणि तीन-चार दिवसांत उगवते. प्रत्येक डब्यात लेकराने मोजून तीस दाणे टाकायचे. पहिल्या डब्यात दाणे नुसते वर टाकायचे, झाकायचे नाहीत. बाकी तिघांत अर्धा सेंटिमीटर माती लोटायची. रोज सकाळी प्रत्येक डब्याला अर्धा कप पाणी, सगळ्यांना सारखेच. दुसरा डबा सुकतोय म्हणून लेकराला दया येते आणि ते चोरून जास्त पाणी घालते. मायेने केलेले असले तरी मग सगळेच डबे हिरवेगार होतात आणि सांगायला काही उरत नाही. म्हणून पाण्याचा कप एकच ठेवा आणि तो मोठ्यांच्या हाती असू द्या.

हा उपक्रम बहुतेक वेळा फसतो तो दोन ठिकाणी. पहिला डबा घरात ठेवला तर मेथी त्या कडक मातीवरसुद्धा मोड काढते, आणि लेकरू म्हणते, ‘वाटेवरचं पण उगवलं की!’ डबा अंगणात, चिमण्या-कोंबड्यांच्या वाटेवर ठेवायला हवा. दुसऱ्या दिवशी दाणे गायब झालेले दिसतात. मुंग्यांनीही बरेच नेलेले असतात. दुसरी अडचण हवामानाची. श्रावणात ढगाळ असले की खडकाळ डब्यातली रोपेही तग धरतात. ऑक्टोबरचे ऊन किंवा फेब्रुवारी-मार्च हे दिवस बरोबर. त्या उन्हात पातळ थरातली मेथी कधी कधी सगळ्यांच्या आधी उगवते, कारण तो थर लवकर तापतो, आणि आठव्या दिवसाच्या दुपारी मान टाकते. ‘माती खोल नव्हती म्हणून लगेच उगवले’ ही ओळ दाखल्यात आहेच. लेकराला ती डोळ्यांनी दिसते.

पाचव्या आणि दहाव्या दिवशी रोपे मोजून वहीत लिहायची. अर्थ मात्र आपण सांगायचा नाही. येशूनेही लोकांना दाखला सांगून सोडून दिला. अर्थ सांगितला तो नंतर, जवळच्यांनी विचारला तेव्हा. लेकरू विचारेपर्यंत थांबा. काही जण तिसऱ्या दिवशी विचारतात, काही मेथी खुडताना. ‘माझं मन कोणता डबा?’ असा प्रश्न आपणच विचारून मोकळे झालो की ते हुशारीने ‘चौथा’ म्हणते आणि विषय संपतो.

तीसपट, साठपट, शंभरपट हे मेथीत दिसत नाही. त्यासाठी हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचे एकच कणीस हातात द्या आणि दाणे मोजायला सांगा. शंभर केव्हाच मागे पडतात.

नाताळचा गोठा

पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या लेकरांना गोठा शिकवावा लागत नाही, माती तेवढी नीट करून द्यावी लागते. काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे नुसत्या काळ्या मातीची मेंढरे दोन दिवसांत तडकतात. काळी माती तीन भाग, बारीक चाळलेली वाळू एक भाग आणि मूठभर बारीक भुसा एकत्र करा. रात्रभर भिजवा, सकाळी कणकेसारखी मळा. बोटाला चिकटत नाही आणि वळी केली तर चिरत नाही, इतपत घट्ट हवी. कुंभाराकडून तयार माती मिळाली तर प्रश्नच नाही.

मेंढरे बसलेली करा. उभ्या मेंढराचे पाय मोडतात. पायांत खराट्याच्या काड्या घालायचा मोह होतो, पण काडी आकसत नाही आणि भोवतालची माती आकसते, म्हणून नेमकी तिथेच चीर जाते. मान वेगळी करून जोडायची असेल तर दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढा, पातळ मातीचा लेप लावा आणि मग दाबा. तीन-चार दिवस सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेली वस्तू वरून वाळते, आत ओली राहते आणि फुटते. वाळल्यावर पाठीवर डिंक लावून सरकी काढलेला कापूस चिकटवा. कापसाचा खरा उपयोग इथे आहे. छपरावर बर्फ म्हणून पसरायची काही गरज नाही.

गव्हाण चपलेच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची करा आणि कडब्याची पाने दोन-दोन इंच कापून आत अंथरा. लूक २ मध्ये बाळ बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवले, एवढेच सांगितले आहे. तेव्हा जुन्या मऊ सुती धोतराची चार बोटे रुंद पट्टी लेकराच्या हाती द्या आणि त्यालाच गुंडाळू द्या. गाय आणि गाढव त्या अध्यायात नाहीत. ठेवले तर बिघडत नाही, पण मोठ्या मुलांना ‘बायबलमध्ये शोधून दाखव’ म्हणून कामाला लावायला ही चांगली संधी आहे. मागी लोकांचेही, म्हणजे पूर्वेकडून बाळाला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांचेही, तसेच: मत्तय २ मध्ये दाने तीन आहेत, माणसे किती ते लिहिलेले नाही. आणि ते आले तेव्हा बाळ ‘घरात’ होते. म्हणून मागींना पहिल्या दिवशी गोठ्यात बसवू नका. घराच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत ठेवा आणि रोज एक हात पुढे सरकवा, ६ जानेवारीला पोचतील असे. रोज सरकवायचा मान कुणाचा, यावर भांडण होते. वार वाटून द्या.

चांदणी

नाताळला टांगायची चांदणी थर्माकोलची नको. २०१८ पासून महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, आणि बल्बच्या उष्णतेने ते वितळते ते वेगळेच. बांबूच्या कामट्यांची करा. बुरूड गल्लीत कामट्या तासून मिळतात. तुराटी वापरून पाहण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. ती सरळ असते, फुकट असते, पण वाकत नाही, आणि या चांदणीला थोडा बाक लागतोच.

कामट्या दहा, प्रत्येक ६० सेंटिमीटर लांब, साधारण अर्धा सेंटिमीटर रुंद आणि दोन-तीन मिलिमीटर जाड. १० सेंटिमीटरच्या टेकू-काड्या पाच. बाकी जाड दोरा, पतंगी कागद आणि खळ.

प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण करा. मध्ये १४ उरतात. पाच कामट्यांची पाच टोकांची चांदणी जमिनीवर मांडा. कामट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे खुणेवर खूण यायला हवी. ती आली की चांदणी चारी बाजूंनी सारखी झाली, वेगळे मोजावे लागत नाही. एक कामटी वरून, पुढची खालून अशी ओवत गेलात तर चौकट घट्ट बसते. आधी पाच टोके बांधा, मग छेद. अशा दोन चौकटी करा. दोन्ही एकमेकींवर ठेवून फक्त टोके एकत्र बांधा आणि मग आतल्या पाच छेदांत दोन्ही चौकटींच्या मध्ये एकेक टेकू उभा करा. चांदणीला पोट येते.

टेकू लावताना टोके सुटत असतील तर कामट्या जाड आहेत किंवा दोऱ्याचे वेढे कमी पडलेत. टोकाला किमान सात-आठ वेढे हवेत. चांदणी एका बाजूला कलत असेल तर टेकू मापात नाहीत. पाचही एकदम कापा.

खळ करताना दोन चमचे मैदा आधी वाटीभर थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा. किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे. ते विषारी आहे आणि लेकरे खळीची बोटे तोंडात घालतात, तेव्हा ते टाळा. साधी खळ दोन दिवस टिकते, तेवढी पुरते.

कागद लावताना पुढे एक चांदणी, मागे एक चांदणी आणि कडांना दहा अरुंद त्रिकोण. कागद चौकटीपेक्षा दीड सेंटिमीटर मोठा कापा आणि तेवढी कड कामटीवर दुमडून चिकटवा. मागचा एक त्रिकोण शेवटी लावा, बल्ब आत सोडायला वाट राहते. बल्ब एलईडीच, पाच-सात वॉटचा. जुना पिवळा बल्ब तापतो आणि पतंगी कागद पेट घेऊ शकतो. होल्डर कागदाला टेकता कामा नये आणि वायरचे सांधे मोठ्यांनीच करावेत. चांदणी छपराखाली टांगा, डिसेंबरच्या पहाटेच्या दवाने कागद सैल पडतो आणि रंग उतरतो.

सात-आठ वर्षांच्या लेकरांना दोरा बांधता येतो, त्याहून लहानांना खळ लावायला द्या. कामट्या तासायला कुणालाच देऊ नका.

आगमनकाळाच्या मेणबत्त्या

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. जुन्या परातीत ओली वाळू भरून चार मेणबत्त्या गोलात रोवा आणि मध्ये एक पांढरी, नाताळच्या दिवसासाठी. रिवाजाने तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. दर रविवारी एकेक वाढवत पेटवायच्या. तालुक्याला जांभळी मेणबत्ती मिळाली नाही तर पांढरीच घ्या आणि वाळूत बुडणाऱ्या भागापाशी त्या रंगाचा दोरा बांधा. कागद गुंडाळू नका. पहिली मेणबत्ती चारही रविवारी जळते, म्हणून सगळ्या सारख्या उंचीच्या घेतल्या तरी शेवटी ती सर्वांत ठेंगणी दिसते. भोवती अशोकाची किंवा आंब्याची पाने ठेवा, दर आठवड्याला बदला. वाळलेली पाने ज्योतीजवळ नकोत.

ईस्टरची बाग

ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही येतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाचा कडाका. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, परातीत बाग लावायची आणि पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, ती हिरवी दिसायची, हा बेत. शनिवारी संध्याकाळी वाटीभर गहू भिजत घाला आणि रविवारी सकाळी निथळा. परातीत दोन इंच माती टाका. एका बाजूला करवंटी आडवी ठेवून तिच्यावर मातीचा ढिगारा चढवा, ही कबर. तोंडाशी बसेल असा चपटा धोंडा लेकरालाच शोधून आणायला सांगा. उरलेल्या जागेत गहू पसरा, एकमेकांवर चढू देऊ नका. वर बोटाच्या पेराएवढी माती.

पहिले दोन दिवस परात ओल्या गोणपाटाने झाका. मोड वर आले की गोणपाट काढा आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा, दुपारी आत घ्या. पाणी दिवसातून दोनदा, हाताने शिंपडून. गहू दाट पेरला आणि पाणी जास्त झाले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरी बुरशी येते. तेवढा भाग चमच्याने उचलून टाका आणि एक वेळचे पाणी तोडा. चिमण्या आणि घरची कोंबडी हे कायमचे शत्रू. गव्हाऐवजी ज्वारी पेरू नका: कोवळ्या ज्वारीने गुराशेळ्यांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, आणि परात नंतर अंगणात रिकामी केली की शेळी तिथे येतेच.

उत्तम शुक्रवारी उपासनेहून आल्यावर पांढऱ्या फडक्याचा तुकडा करवंटीत ठेवून लेकराने धोंडा लावायचा. रविवारी पहाटे, ते उठायच्या आधी, मोठ्यांनी धोंडा बाजूला सरकवायचा आणि फडके घडी करून आत ठेवायचे. योहान २० मध्ये डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला होता, हे बारीक तपशिलासकट आहे. उठल्यावर लेकराला काही सांगू नका. परात त्याच्या वाटेवर ठेवा.

गहू नको इतका उंच वाढला तर कात्रीने कापता येतो, आणि उगवलाच नाही तर बहुतेक वेळा बी जुने, कीड लागलेले असते. म्हणून दहा दाणे ओल्या फडक्यात आठवडाभर आधी मोड आणून तपासा.

रोजच्या छोट्या गोष्टी

वचन पाठ करायला शब्दांच्या चिठ्ठ्या करून दोरीवर चिमट्यांनी लावा. स्तोत्र २३ची पहिली ओवी सुरुवातीला बरी. रोज एक चिठ्ठी काढायची आणि गाळलेल्या जागेसकट म्हणायची. दोरी रिकामी होते तोवर ओवी तोंडपाठ असते. एका महिन्याला एक ओवी पुरे.

आजी-आजोबा घरात असतील तर लेकराला त्यांच्याकडून मंडळीची माहिती काढायला लावा: चर्चची पहिली इमारत कुठे होती, पाळकसाहेब कुठून यायचे, नाताळला काय शिजायचे. एका मोठ्या कागदावर जिल्ह्याचा नकाशा काढून ती गावे भरायची. जालन्याकडच्या घरांत बेथेलचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेले ते गाव. नकाशा भिंतीवर वर्षभर राहू द्या, पाहुणे आले की त्यात भर पडते.

गल्लीतली इतर घरची लेकरे चांदणी करायला येतात, येऊ द्या. खळ लावायला हात कमीच पडतात. प्रार्थनेला आणि वाचनाला मात्र त्यांना बसवायचे असेल तर त्यांच्या आईवडिलांना आधी विचारा. नाही म्हटले तर ती वेळ वेगळी ठेवा.

आवरताना

मातीची मेंढरे पुढच्या नाताळपर्यंत ठेवायची तर धान्याच्या कोरड्या भुशात, डब्यात ठेवा. पावसाळ्यात मोकळी राहिली की ओल धरून ठिसूळ होतात. चांदणीचे पाच टेकू काढले की ती सपाट होते आणि माळ्यावर बसते. कागद सगळा फाडून काढा, कामट्यांवर राहिलेली खळ ओल्या फडक्याने पुसून घ्या. खळीच्या वासाने उंदीर येतात आणि दोरेही कुरतडतात.